टेकू काय सोसतो

शाळेत तरफ शिकून झाली की बहुतेकांच्या डोक्यात तीन जोड्या उरतात. कातर पहिल्या प्रकारची, अडकित्ता दुसऱ्या, चिमटा तिसऱ्या. मध्ये टेकू, मध्ये भार, मध्ये बल. परीक्षेत जोड्या लावल्या, गुण मिळाले, प्रकरण मिटले. पुढे कार्य आणि ऊर्जा येतात, अकरावी-बारावीत टॉर्क म्हणजे बलाचे आघूर्ण येते. पण ही सगळी प्रकरणे एकाच दांड्याबद्दल बोलताहेत, हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही. हे छोटेखानी पुस्तक तेवढ्यासाठी लिहिले आहे. एक दांडा, एक टेकू, दोन टोके आणि त्यांच्याकडे बघण्याच्या तीन रीती : बलाची, आघूर्णाची आणि ऊर्जेची.

त्यातही माझा रोख एका गोष्टीवर आहे, तो आधीच सांगून टाकतो. तरफ म्हटली की आपण तिच्या टोकांकडे बघतो. इकडे किती जोर, तिकडे किती भार, किती पट फायदा. टेकू म्हणजे आकृतीतला एक काळा त्रिकोण. त्याच्याकडे दुर्लक्ष होते, त्याला कारणही आहे. तरफेचे जे दोन हिशेब आपण मांडतो, त्या दोन्हींतून टेकूवरचे बल आपोआप गळते. आघूर्णाच्या हिशेबात त्याचे अंतर शून्य असते आणि ऊर्जेच्या हिशेबात त्याचे सरकणे शून्य असते. शून्याने गुणले की मोठ्यातला मोठा आकडा कागदावरून नाहीसा होतो. दांड्यावरून मात्र तो जात नाही. पुष्कळ तरफांत सर्वांत मोठे बल टेकूवरच असते, आणि यंत्र झिजते, खिळखिळे होते किंवा मोडते तेही बहुधा तिथेच.

हे दाखवण्यासाठी मी पुस्तकभर एक यंत्र हाताशी ठेवले आहे : गावोगावी बोअरवर बसवलेला हापसा. तो निवडण्यामागे दोन कारणे आहेत. हापशाचा दांडा एकदाही दाबला नाही असे मराठी वाचक थोडेच असतील, हे पहिले. दुसरे असे की ‘इंडिया मार्क टू’ या नावाने ओळखला जाणारा हा हापसा ज्या खटपटीतून जन्मला, तिचे दोन महत्त्वाचे टप्पे जालना आणि सोलापूर इथले आहेत. आणि त्या खटपटीचा मोठा भाग टेकूभोवतीच फिरत होता.

आधी त्याची रचना पाहू. लांब दांड्याच्या एका टोकाला माणसाचे हात. दुसऱ्या, आखूड टोकाला साखळी. साखळीला जोडलेल्या लोखंडी सळ्या बोअरमध्ये खोलवर उतरतात आणि त्यांच्या तळाशी सिलिंडरमध्ये एक दट्ट्या वरखाली होतो. दांडा ज्या आसावर फिरतो तो या दोन टोकांच्या मध्ये, साखळीच्या जवळ. म्हणजे ही पहिल्या प्रकारची तरफ. हाताकडची भुजा साखळीकडच्या भुजेच्या आठपट लांब. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. दांडा पुरता दाबला की दट्ट्या सुमारे १२५ मिलिमीटर वर येतो.

पाणी ३० मीटर खोल आहे असे धरू. दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ३१.७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा, त्याचे वजन सुमारे ९५ किलो. (प्रस्तावनेपुरते मी बल रोजच्या बोलण्याप्रमाणे किलोत सांगतो आहे, पुस्तकात ते न्यूटनमध्ये येईल. ९५ किलोचे वजन म्हणजे सुमारे ९३० न्यूटन.) सळ्यांचे वजन वेगळे, पण दांड्याचा हाताकडचा भाग लांब आणि भरीव असतो, तो त्यांना बऱ्याच अंशी तोलून धरतो. तेव्हा हाताच्या वाट्याला उरते ९५ चा आठवा भाग, जेमतेम १२ किलो. दहा वर्षांचे पोरही दांड्याला लोंबकळून पाणी काढू शकते ते यामुळे.

आता ‘आठवा भाग’ कुठून आला? इथे आघूर्ण येते. दांड्याला फिरवण्याची बलाची ताकद नुसत्या बलावर ठरत नाही. बल गुणिले टेकूपासूनचे त्याचे अंतर यावर ठरते. दाराच्या बिजागरीजवळ ढकलून पाहिले की हे हाताला लगेच कळते. साखळी ९५ किलोने दांडा एका दिशेला फिरवू पाहते, पण तिचे अंतर एक वाटा आहे. हात १२ किलोने उलट दिशेला फिरवू पाहतात, पण त्यांचे अंतर आठ वाटे. दोन्ही गुणाकार सारखे झाले की दांडा तोलला. हात किंचित जास्त भरले की पाणी वर.

यात ‘अंतर’ या शब्दाला एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. टेकूपासून बल जिथे लागते त्या जागेपर्यंतची लांबी मोजून भागत नाही. बल ज्या रेषेत लागते, त्या रेषेपर्यंतचे लंबांतर मोजावे लागते. हापशाचा दांडा त्याच्याच लांबीच्या दिशेने कितीही जोराने ओढा, पाण्याचा थेंब येणार नाही. कारण ती रेषा टेकूतून जाते आणि लंबांतर शून्य होते. पाना तिरपा ओढला की नट का हटत नाही, यालाही हेच उत्तर. सरळ, आडव्या दांड्यावर सरळ खाली लोंबणारी वजने, या शाळेतल्या आकृतीत लांबी आणि लंबांतर एकच असतात, म्हणून हा फरक लपून राहतो. दांडा तिरपा झाला, वाकडा असला किंवा बल तिरके लागले की तो उघडा पडतो. पुस्तकाचे दुसरे प्रकरण सगळे याच एका अटीवर आहे, आणि वाचकाने तिथे घाई करू नये अशी माझी विनंती आहे.

ऊर्जेची रीत वेगळ्या बाजूने येते. ती विचारते : कोण किती सरकले? दट्ट्या १२.५ सेंटिमीटर वर आला तेव्हा हात आठपट, म्हणजे एक मीटर खाली गेले. १२ किलो गुणिले एक मीटर, आणि ९५ किलो गुणिले एक अष्टमांश मीटर. दोन्ही उत्तरे सारखीच. तरफेने जोर वाचवला आणि वाचवलेला सगळा जोर अंतरात वसूल केला. एका दाबात साधारण ०.४ लिटर पाणी येते. १५ लिटरची कळशी भरायला अडतीसएक वेळा दाबावे लागते, आणि त्यात सुमारे ४,४०० ज्यूल ऊर्जा खर्च होते. घर्षण सोडले तर तीच कळशी दोराने शेंदून काढली असती तरी इतकीच लागली असती. पाणी ३० मीटर वर यायचे म्हणजे तेवढी किंमत मोजायचीच; तरफ ती किंमत कमी करत नाही, फक्त हप्ते पाडून देते. ४,४०० ज्यूल म्हणजे एक किलोकॅलरीहून थोडे जास्त. स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाचेच काम करतात हे धरले, तर चमचाभर साखरेत तीन-चार कळश्या निघतात.

मग दांडा आठऐवजी सोळापट का नाही केला? जोर आणखी निम्मा झाला असता. पण हाताला प्रत्येक दाबात दोन मीटर खाली-वर करावे लागले असते, आणि उभ्या माणसाचा हात काही दोन मीटर सहज हलत नाही. नाहीतर दट्ट्याची चाल निम्मी करावी लागली असती, म्हणजे दाबांची संख्या दुप्पट. तरफेचे प्रमाण ठरवताना एका बाजूला विहिरीची खोली असते आणि दुसऱ्या बाजूला माणसाचे शरीर. ऊर्जेचा हिशेब त्या दोघांत तडजोड घडवतो.

आघूर्ण आणि ऊर्जा हे दोन वेगळे नियम आहेत का? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग इथे आहे. दांडा ताठ आहे, म्हणजे तो वाकत नाही. म्हणून एक टोक जितक्या अंशांनी फिरते, दुसरेही बरोबर तितक्याच अंशांनी फिरते. आणि फिरणाऱ्या वस्तूवर झालेले कार्य म्हणजे आघूर्ण गुणिले फिरलेला कोन. कोन दोन्हीकडे तोच, तेव्हा कार्ये सारखी म्हणणे आणि आघूर्णे सारखी म्हणणे हे एकच विधान झाले. तरफेचा नियम आघूर्णातून काढा किंवा ऊर्जेतून, तो जुळतो. कारण दोन्ही वाटा दांड्याच्या ताठपणावरून जातात. दांडा वेताचा असता, तर काही ऊर्जा त्याच्या वाकण्यात अडकली असती आणि दुसऱ्या टोकाला उशिरा पोचली असती. आघूर्ण न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि कार्यही न्यूटन गुणिले मीटर असूनही त्याला ज्यूल म्हणतात, यावरून विद्यार्थी गोंधळतात. कोनाने गुणेपर्यंत आघूर्णातून काही खर्च झालेला नसतो. बंद पडलेल्या हापशाच्या दांड्यावर माणूस दिवसभर लटकून राहिला तरी आघूर्ण आहे आणि कार्य शून्य. तो दमतो, कारण स्नायूंना नुसते ताणून धरायलाही आतून ऊर्जा लागते; पाण्याच्या खात्यात मात्र काहीच जमा होत नाही.

इथपर्यंत टेकूचे नाव फक्त अंतर मोजण्यापुरते आले. आता तिसरी रीत, बलाची. दांडा तोललेला असेल तर त्याच्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य व्हायला हवी. साखळी दांड्याला ९५ किलोने खाली ओढते, हात १२ किलोने खाली दाबतात. दांडा खाली जात नाही, कारण आस त्याला १०७ किलोने वर रेटतो. त्यात सळ्यांचे पंचवीसेक किलो आणि दांड्याचे स्वतःचे वजन धरले की आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. हाताला जाणवतात १२ किलो. आस सोसतो त्याच्या दहापटीहून जास्त.

हे स्वतः पाहायचे असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर लहानसा ठोकळा, ठोकळ्यावर आडवी पेन्सिल, पेन्सिलीवर फूटपट्टी बरोबर मध्यावर. पेन्सिलीपासून ३ सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचे वजन ठेवा आणि दुसऱ्या बाजूला १२ सेंटिमीटरवर बोटाने दाबून पट्टी तोला. बोटाला ५० ग्रॅमचा जोर लागतो, काटा पट्टी-पेन्सिल-ठोकळा वगळून २५० दाखवतो. आता पट्टीचे एक टोक पेन्सिलीवर ठेवा, वजन त्याच बाजूला ३ सेंटिमीटरवर राहू द्या आणि १२ सेंटिमीटरवर बोटाने पट्टी खालून वर उचला. ही दुसऱ्या प्रकारची तरफ. पट्टीचे स्वतःचे वजन सोडले तर बोटाचा जोर तोच, ५० ग्रॅम. काट्यावर मात्र १५० उरतात. फायदा दोन्हीकडे चौपट, टेकूची गत निराळी. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे बोट ३ सेंटिमीटरवर आणि वजन १२ वर असताना, बोटाला ८०० ग्रॅम लावावे लागतात आणि पेन्सिलीवरून पट्टी उचलली जाते. ती जागेवर राहावी म्हणून टेकूकडच्या टोकाला वरून ६०० ग्रॅमने दाबून धरावे लागते. तीन प्रकारांमधला खरा फरक हा आहे : पहिल्यात टेकूवर बेरीज येते, दुसऱ्यात भारातून बल वजा होते, तिसऱ्यात बलातून भार वजा होतो आणि टेकूची दिशा उलटते. वर्गीकरण पाठ करण्यापेक्षा हे पाहिले की ते पाठ करावेच लागत नाही.

आता हापशाच्या इतिहासाकडे येतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, आणि १९७२ च्या दुष्काळात तर फारच वेगाने, कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रे देशभर फिरू लागली. दख्खनच्या काळ्या पाषाणातही भोके पडली, पाणी लागले. पण त्या भोकांवर जे पंप बसले त्यांतले बरेच बिडाचे होते. युरोप-अमेरिकेत एका कुटुंबाच्या परसातल्या विहिरीसाठी घडवलेल्या पंपांच्या त्या नकला. तिथे ते दिवसातून थोडा वेळ चालत. इथे अख्खे गाव त्यांच्यावर तुटून पडले. पुढे सरकारी नियोजनात २५० माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज ४० लिटर पाणी असे प्रमाण धरले जाई. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर. दर दाबाला ०.४ लिटर, तेव्हा दिवसाला पंचवीस हजार दाब. वर्षाला नव्वद लाखांहून जास्त. प्रत्येक दाबात आस शंभराहून अधिक किलोंच्या भाराखाली एकदा इकडे आणि एकदा तिकडे घासणार. सैल खिळीवर, वंगणाशिवाय, दांड्याचे भोक अंडाकृती झाले नसते तरच नवल. भोक सैल झाले की दांडा डुलतो, सळी वाकडी ओढली जाते, दट्ट्याची वॉशर एका अंगाने खाल्ली जाते. १९७० च्या दशकात बसवलेल्या हापशांचा फार मोठा हिस्सा बंद पडलेला होता. तरफेचा नियम कुठेच चुकला नव्हता. बिघाड टेकूपासून सुरू होत होता.

दुरुस्तीही तिथूनच सुरू झाली. जालन्याच्या पंपात दांड्याचे अनेक सांधे काढून एकच टेकू ठेवला गेला, बिडाच्या जागी पोलाद आले. सोलापूरच्या पंपाने ही वाट पुढे नेली. टेकूवर बंदिस्त बॉल बेअरिंग आले, ज्यात धूळ शिरत नाही आणि ज्याला रोज तेल घालावे लागत नाही. दांड्याच्या आखूड टोकाला वर्तुळाच्या कमानीसारखा तुकडा आला आणि त्यावरून साखळी. ही कमान आघूर्णाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. साधी खीळ असती तर टोक वर्तुळात फिरले असते आणि सळी सरळ जायची असताना बाजूला खेचली गेली असती. शिवाय दांडा जसा वरखाली होतो तसे लंबांतर बदलत राहिले असते. कमानीवर गुंडाळलेली साखळी नेहमी कमानीच्या स्पर्शरेषेत, सरळ खाली लोंबते. टेकूपासून तिचे लंबांतर दाबाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तेच राहते. साखळीची एक मर्यादाही आहे : ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्याला खाली नेण्याचे काम सळ्यांच्या वजनावर सोडावे लागते, म्हणून फार उथळ बोअरमध्ये हा पंप नीट चालत नाही.

सोलापूरच्या पंपाच्या आधारे युनिसेफ, सरकारी यंत्रणा आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू उभा केला. नंतर तो भारतभर पसरला, आफ्रिकेतल्या कित्येक देशांत गेला. आठास एक हे प्रमाण हे त्याच्या यशाचे रहस्य नव्हते; लांब दांडा कुणीही लावू शकला असता. टेकू टिकला म्हणून हापसा टिकला.

टेकूचे हे महत्त्व बैलगाडी हाकणाऱ्याला शिकवावे लागत नाही. दोनचाकी गाडी ही आखावर तोललेली तरफच. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोत बैलाच्या गळ्याला काचते. पुढे जास्त झाला की मान दबते. माल असा रचायचा की बैलाच्या मानेवर थोडासाच भार यावा. बाकी सगळा कुठे जातो? आखावर. म्हणून वंगणाचे नळकांडे गाडीला बांधलेले असे, आणि वंगण आखाला लागे.

मग माणसाचे शरीर. कोपरातून हात वाकवून तळव्यावर ५ किलोची पिशवी धरा. पुढच्या हाताला उचलणारा दंडाचा स्नायू कोपरापासून अवघ्या ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, पिशवी ३२ सेंटिमीटरवर. हे आकडे माणसागणिक थोडे बदलतात, पण प्रमाण ढोबळमानाने आठास एक. हापशाच्या दांड्याच्या नेमके उलट. पिशवी ५ किलोची, स्नायूला ४० किलोने ओढावे लागते, आणि कोपराच्या सांध्यावर ३५ किलो येतात. बदल्यात मिळते ती चाल : स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळवा आठ सेंटिमीटर उचलला जातो. आखडण्याची फार थोडी मुभा असलेल्या स्नायूला हा सौदा परवडतो. शरीर जोर देऊन अंतर विकत घेते, हापसा ते अंतर परत देऊन जोर घेतो.

टेकूचा खरा ताण बघायचा तर खुब्याकडे पाहावे. एका पायावर उभे राहिले की शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडते आणि कमरेच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला तोलून धरतात. स्नायूंची भुजा आखूड, वजनाची लांब. तेव्हा स्नायूंना वजनाहून पुष्कळ जास्त ओढावे लागते, आणि सांध्यावर दोघांची बेरीज येते. ती शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भरते. ६० किलोच्या माणसाच्या एका खुब्यावर दीडशे किलोंहून अधिक, तेही नुसते एका पायावर उभे राहण्यात; चालताना तर हे पावलोपावली घडते. दुखऱ्या खुब्याच्या माणसाने काठी कोणत्या हातात धरावी, हा प्रश्न इथे सुटतो. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. काठी विरुद्ध हातात धरली की तिच्या आधाराची भुजा लांब होते, थोड्याशा रेट्याने वजनाचे बरेच आघूर्ण फेडले जाते, स्नायूंना कमी ओढावे लागते आणि सांध्यावरची बेरीज उतरते. तरफेचे हे गणित आईवडिलांच्या कामी आले, तरी या पुस्तकाची किंमत वसूल झाली असे मी समजेन.

जिथे बळाचा प्रश्नच नाही, तिथेही टेकूच निर्णायक. प्रयोगशाळेतल्या जुन्या भौतिक तराजूची दांडी अकीकाच्या धारेवर तोललेली असते. धार जितकी बारीक, तितके घर्षणाचे आघूर्ण कमी आणि तितका लहान फरक तराजू ओळखणार. म्हणूनच वजन घालता-काढताना कळ फिरवून दांडी धारेवरून उचलून ठेवायची, असा नियम असतो. विद्यार्थ्याला तो शिस्तीचा भाग वाटतो. प्रत्यक्षात ती धारेची काळजी आहे.

इतिहासाचे एक प्रकरण पुस्तकात आहे, त्याबद्दल दोन शब्द. तरफेच्या नियमाची पहिली पक्की सिद्धता आर्किमिडीजची, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातली. त्याचा युक्तिवाद नाण्यांनी करून पाहता येतो. पट्टीवर चार सारखी नाणी मध्यापासून डावीकडे ९ आणि ३, उजवीकडे ३ आणि ९ सेंटिमीटरवर ठेवा. दोन्ही बाजू सारख्या, पट्टी तोललेली. आता डावीकडून पहिली तीन नाणी त्यांच्या मधोमध, म्हणजे डावीकडच्या ३ सेंटिमीटरवर, एकावर एक रचा. पट्टी अजूनही तोललेलीच. आणि समोर दिसते : ३ वर तीन नाणी, ९ वर एक. नियम हाती आला, तोही बल किंवा ऊर्जा हे शब्द न वापरता. १८८३ मध्ये अर्न्स्ट माख याने यावर बोट ठेवले : नाणी मधोमध गोळा केल्याने तोल बिघडत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवले? त्यातच नियम लपलेला नाही का? माखचा आक्षेप कितपत खरा, यावर नंतर पुष्कळ लिहिले गेले. वाचकाने तो वाद स्वतः लढून पाहावा.

दुसरी वाट ऊर्जेची, तीही जुनीच. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, पण बहुधा त्याच्या परंपरेतल्या कुणी लिहिलेल्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात तरफेचे कारण वर्तुळात शोधले आहे : लांब त्रिज्येचे टोक तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापते. तेराव्या शतकात जॉर्डानुस याने वाकड्या तरफेचा प्रश्न याच अंगाने सोडवला. गॅलिलिओने बजावले की यंत्रे निसर्गाला फसवत नाहीत. १७१७ मध्ये योहान बेर्नुली याने हा विचार सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडला आणि १७८८ मध्ये लाग्रांजने त्यावर सगळी यांत्रिकी उभी केली. त्या तत्त्वाची ताकद हीच की जी बले कार्य करत नाहीत, ती हिशेबातून वगळता येतात. टेकू शास्त्राच्या कागदावरून बाद झाला तो असा, अगदी रीतसर. गणितज्ञासाठी ती सोय होती. पंप घडवणाऱ्याला मात्र तीच बले पुन्हा एकेक करून मोजावी लागली.

पृथ्वी हलवण्याची आर्किमिडीजची बढाई सर्वांना ठाऊक आहे. ती पॅपसच्या, म्हणजे सहा-एकशे वर्षांनंतरच्या लेखनातून आपल्यापर्यंत आली. लोकांच्या कल्पनेत त्यातला लांबच लांब दांडा राहिला. त्याने मागितली होती उभे राहायला जागा. मागणी अचूक होती. दांडा कितीही लांबवता येतो. ज्यावर तो टेकायचा आणि ज्यावर आपण उभे राहायचे, तेच मिळत नाही.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिल्या तीन प्रकरणांत बल, आघूर्ण आणि ऊर्जा एकाच हापशावर लावून दाखवली आहेत. चौथ्यात घर्षण, आणि आदर्श तरफ खऱ्या तरफेपासून किती दूर असते ते. पाचव्यात शरीर, सहाव्यात तराजू, सातव्यात इतिहास. कप्पी, दंतचक्रे आणि रहाट यांना मी हात लावलेला नाही. त्या फिरत राहणाऱ्या तरफाच आहेत, पण त्यांना स्वतंत्र जागा हवी. गणित आठवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. साइन आणि कोसाइन फक्त दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, वेगळ्या चौकटीत आहेत, ती चौकट सोडून पुढे गेले तरी चालेल. फूटपट्टी, पेन्सिल, काही नाणी आणि एक डिजिटल काटा एवढे सामान जवळ असावे. आकडे वाचून पुढे जाऊ नका, काट्यावर बघा.

शिक्षकांना एक सुचवतो. ‘अडकित्ता कोणत्या प्रकारची तरफ?’ हा प्रश्न पुढच्या परीक्षेत बदलून पाहा. अडकित्त्याचे चित्र द्या, सुपारी कुठे आणि मुठीचा जोर कुठे ते मापासह दाखवा, आणि विचारा : जोडाच्या खिळीवर किती बल येते, आणि अडकित्ता जुना झाला की आधी काय सैल होईल? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येईल, त्याला प्रकार वेगळा विचारायची गरज उरणार नाही. तो तरफ ओळखणाऱ्यांतून निघून तरफ बांधणाऱ्यांत गेलेला असेल.